यून साहेबांची सप्तमी

नोकरीच्या काळात मी लिहिलेल्या शेकडो पत्रांपैकी एकच पत्र मी लेखी मागे घेतले. ते पत्र क्रमांक एकशे एकतीस, आणि ज्यांच्याविरुद्ध ते होते ते यून साहेब. बाकीच्या पत्रांविषयी मला आजही खेद नाही. समोरच्या पक्षाने करार वाचावा, एवढीच माझी आयुष्यभराची मागणी होती आणि ती फार मोठी होती असे मला वाटत नाही.

सौदी अरेबियात, हफ्र अल बातिनच्या पुढे, वाळवंटात, एका पंपिंग स्टेशनचे बांधकाम चालू होते. काम एका कोरियन कंपनीकडे होते. मी मालक पक्षाचा कंत्राट अधिकारी, आणि यून साहेब कंत्राटदाराचे दर्जाप्रमुख. थोडक्यात, कराराने आम्हाला एकमेकांसमोर उभे केले होते. आमच्या केबिनांमध्ये चाळीस पावले वाळू होती आणि त्या चाळीस पावलांवरून तीन वर्षे माझी पत्रे गेली.

यून साहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. ठेंगणे, मानेपर्यंत झालर असलेली खाकी टोपी, आणि सत्तेचाळीस अंशांतही मनगटापर्यंत बटणे लावलेला इस्त्रीचा सदरा. वेल्डिंगचा सांधा तपासताना उपकरण लावण्याआधी ते अंगठ्याचे नख त्यावरून फिरवत आणि घशातून एक लांब हुंकार काढत. त्या हुंकाराचा उतार खाली गेला की वेल्डर स्वतःहून ग्राइंडर हातात घेई. यंत्र नंतर तेच सांगे.

त्यांच्या पत्रांचा मला संताप येई. माझे पत्र म्हणे: "कलम अमुक, उपकलम तमुक, सात दिवसांत खुलासा न आल्यास पुढील कारवाई." त्यांचे उत्तर सुरू होई: "आज वाऱ्यात वाळू कमी आहे आणि पहाटे थोडा गारवा जाणवला. आपली प्रकृती ठीक असावी. आपल्या पत्र क्रमांक एकशे दोनच्या संदर्भात..." मी स्वतंत्र पत्र लिहून कळवले की कंत्राटविषयक पत्रव्यवहारात हवामानाला स्थान नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "आपली सूचना मान्य. आज हवामान नाही. आपल्या पत्र क्रमांक एकशे तीनच्या संदर्भात..." ते मी तीनदा वाचले. त्यात आक्षेप घ्यावा असे काहीच सापडले नाही, आणि त्याचाच राग मला आठवडाभर पुरला.

पत्र हाती देताच ते उभे राहत आणि दोन्ही हातांनी घेत. दंडाची नोटीस असली तरी दोन्ही हातांनी. वाचणेही उभ्यानेच. शेवटी मान किंचित लवे. एकदा मी न राहवून म्हणालो, "मिस्टर यून, हा सत्कार नाही, ही नोटीस आहे."

"हो," ते म्हणाले, "पण तुम्ही ती रात्रभर लिहिली असणार. कागदाचा मान वेगळा, मजकुराचा वेगळा."

त्यांच्या केबिनबाहेर रंगाच्या रिकाम्या डब्यांत एक पालेभाजी लावलेली होती, तिळाच्या पानांसारखी रुंद, उग्र वासाची. एसीचे ठिबकणारे पाणी ते तिला नळीने देत. एकदा पानांची जुडी माझ्या घरी आली. आमच्या सौभाग्यवती शैलाबाईंनी त्यांच्या अळूवडीसारख्या वड्या केल्या आणि चार वड्या परत पाठवल्या. तेव्हापासून त्या दोघांचा व्यवहार माझ्या पत्रव्यवहाराला समांतर चालू राहिला. मी नोटीस पाठवी, ती वड्या.

एक प्रसंग लाल शाईचा. त्रुटींच्या यादीत जबाबदार व्यक्तींची नावे लाल शाईने लिहिण्याची माझी जुनी पद्धत. यून साहेबांचे नाव त्यात पहिलेच होते. यादी घेतली आणि ते माझ्या टेबलासमोरून हललेच नाहीत.

"नाव निळ्या शाईने लिहाल का?"

"त्रुटी नाकारता आहात?"

"त्रुटी सगळ्या मान्य. फक्त नाव. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे नाव लाल शाईने लिहितात."

"करारात शाईचा रंग ठरलेला नाही," मी म्हणालो.

"नाही," त्यांनी मान्य केले, आणि उभेच राहिले. वीस मिनिटे मी दुसरे काम केल्याचा देखावा केला. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "मला अंधश्रद्धा नाही, मिस्टर पाटणकर. पण कोणीतरी वाट पाहते आहे. तिच्या वतीने मागतो." मी यादी नव्याने छापली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला मनाई असते. त्या तीन तासांत ते माझ्या केबिनमध्ये येत, आणि जवाच्या भाजलेल्या दाण्यांचा थंड चहा मला ओतून देत. अशाच एका दुपारी त्यांनी चंद्राखालच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. हा म्हातारा चांदण्यात बसून एक पुस्तक वाचतो. त्यात कोणाचे लग्न कोणाशी ते लिहिलेले असते, आणि त्याच्या पिशवीतल्या लाल दोऱ्याने तो जन्मतःच दोघांचे पाय बांधून टाकतो. एका तरुणाने त्याला विचारले, माझी बायको कोण? म्हाताऱ्याने बाजारात नेऊन दाखवली भाजीवालीच्या कडेवरची तीन वर्षांची पोर. तरुण भडकला. त्याने नोकराला सुरी देऊन पाठवले. वार चुकला, कपाळावर लागला. चौदा वर्षांनी त्या तरुणाचे लग्न एका अधिकाऱ्याच्या मानलेल्या मुलीशी झाले. ती सदैव कपाळावर कागदी फूल चिकटवीत असे. फुलाखाली व्रण होता.

मला बसवेना. "हा सरळसरळ खुनाचा प्रयत्न आहे. कटही आहे. आणि आरोपीला बक्षीस म्हणून फिर्यादीच दिली? खटला कुठे? शिक्षा कुठे?"

यून साहेबांनी चहाचा घोट घेतला. "ती रोज सकाळी त्याच्यासमोर बसून ते फूल लावत असे. चाळीस वर्षे. तुमच्या कायद्यात याहून मोठी शिक्षा आहे?"

"आणि तो म्हातारा? दोन अजाण व्यक्तींना त्यांच्या संमतीविना बांधतो. असा करार आरंभापासून रद्दबातल."

"आमच्या सरकारचेही हेच मत होते," ते म्हणाले, आणि टोपी घेऊन निघून गेले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. विचारावेसेही वाटले नाही.

आता पत्र क्रमांक एकशे एकतीस.

करारात प्रमुख व्यक्तींचे एक कलम होते. दाबचाचणीच्या काळात त्यांनी मालक पक्षाच्या लेखी संमतीशिवाय साइट सोडायची नाही. संमतीवाचून त्यांची कंपनी देशाबाहेर जाऊन परतण्याचा व्हिसा काढत नसे. चाचणी ऑगस्टअखेर होती आणि यून साहेबांचा पाच दिवसांच्या रजेचा अर्ज आला. कारण: "लग्नाचा वाढदिवस, बावीस ऑगस्ट. तसेच पत्नीची शस्त्रक्रिया, तेवीस ऑगस्ट."

मी जुन्या फायली काढल्या. पहिल्या वर्षी त्यांनी याच वाढदिवसासाठी चौदा ऑगस्ट मागितला होता. दुसऱ्या वर्षी चार ऑगस्ट. आता बावीस. त्यांच्या कागदपत्रांत कुटुंबनोंदीचा उतारा होता, त्यात विवाहाची नोंद डिसेंबरातली. एकाच माणसाच्या लग्नाला चार तारखा. मी नकार लिहिला आणि तेवढ्यावर थांबलो नाही. ज्याने वाढदिवस असा फिरवला त्याची शस्त्रक्रियाही तपासून घ्यावी लागेल, असे लिहिले. त्याच उताऱ्यावरून अर्जदाराची थोरली मुलगी विवाहाच्या नऊ वर्षे आधी जन्मलेली दिसते, सबब अर्जदाराची कौटुंबिक विधाने विश्वासार्ह मानता येत नाहीत, असेही एक वाक्य घातले. प्रत रियाधला, महाव्यवस्थापकांना.

ते वाक्य लिहिताना मला समाधान वाटले होते. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

यून साहेबांनी पत्र उभ्याने वाचले. या वेळी मान लवली नाही. उत्तरही आले नाही.

चार दिवसांनी, गुरुवारी जेवताना, मी शैलाला हा प्रकार ठासून सांगितला. माणसे रजेसाठी कोणत्या थराला जातात, याचे उदाहरण म्हणून.

"चौदा, चार, बावीस," ती पोळी भाजता भाजता म्हणाली. "मागे यायचं, मागे यायचं, मग एकदम पुढे. अहो, यंदा अधिक आला नाही का?"

"अधिकाचा इथे काय संबंध?"

"तुमच्या आईंचं श्राद्ध कोणत्या तारखेला असतं?"

 तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "तिथीने असतं. दरवर्षी तारीख बदलते. म्हणून तुम्हाला कोणी खोटारडे म्हणालं का आजवर?" मग ती बोटाने मोजू लागली. "नागपंचमी एकवीसला. म्हणजे ह्यांचा दिवस श्रावणातली षष्ठी नाहीतर सप्तमी. मागची दोन वर्षं पण काढा. तिथेच येईल."

मी काढली. तिथेच आली. एखाद्या दिवसाचा फरक, बस्स. कोरियन पंचांगात तो महिना सातवा, हेही मी त्या रात्री शोधून काढले.

शनिवारी मी ती चाळीस पावले चालत गेलो. यून साहेब टेबलाशी बसून होते. मी उभा राहिलो. "सातव्या महिन्याची सातवी तिथी?" मी विचारले.

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. "तुम्हाला कोणी सांगितले?"

"माझ्या पत्नीने."

"मग बसा," ते म्हणाले.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे आडनाव एक, आणि घराण्याचे मूळ गावही एक. वीस पिढ्यांपूर्वी कोणी एक पूर्वज समान असेल. त्यांच्या देशाचा कायदा तेव्हा असे लग्न मानत नसे. आपल्याकडच्या भाषेत सगोत्र. दोन्ही घरांनी दारे बंद केली, नोंदणी कचेरीने अर्ज परत केला. तेव्हा या दोघांनी एका भाड्याच्या खोलीत स्वच्छ पाण्याचा वाडगा मांडला आणि त्याच्या साक्षीने लग्न केले. दिवस निवडला सातव्या महिन्याची सप्तमी. स्वर्गातला एक गुराखी आणि एक विणकरीण लग्नानंतर एकमेकांत इतके रमले की गाई भरकटल्या आणि माग थांबला. स्वर्गाच्या राजाने त्यांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर धाडले. वर्षातून एक रात्र भेट, तीही कावळे आणि दयाळासारखे काळेपांढरे पक्षी मिळून पूल करतात म्हणून.

"कामात कुचराई केल्यामुळे," यून साहेब म्हणाले. "स्वर्गातला मालक पक्षही तुमच्यासारखाच आहे."

तो गुराख्याचा तारा म्हणजे आपला श्रवण, आणि विणकरीण म्हणजे अभिजित, हे मी घरी जाऊन ताडून पाहिले.

त्यांच्या सरकारने मधूनमधून एखाद्या वर्षापुरती अशा जोडप्यांना नोंदणीची मुभा दिली. तशा एका डिसेंबरात यांची नोंद झाली. मुलगी तोवर नऊ वर्षांची झाली होती आणि शाळेच्या कागदावर तिच्या बापाच्या रकान्यात काय लिहिले होते, ते त्यांनी मला सांगितले. ते मी येथे लिहीत नाही. पुढे तो कायदाच गेला.

"डिसेंबरचा दिवस सरकारचा," ते म्हणाले. "आम्ही तो कधी पाळला नाही. पाण्याच्या वाडग्याचा दिवस सदतीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आता तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर जुलै म्हणाले होते. ती म्हणाली, आधी सप्तमी, मग सुरी. मी नाही आलो तर ती टेबलावर जाणार नाही. मी तिला ओळखतो. तिने एका सरकारचे नऊ वर्षे ऐकले नाही."

"हे अर्जात का लिहिले नाही?"

"तुम्ही म्हणाला होता, पत्रात हवामान नको."

सगोत्र म्हणून मोडलेले एक स्थळ आमच्याही घरात होऊन गेले आहे. कोणाचे, ते या लेखाच्या कक्षेत येत नाही. पण त्या केबिनमध्ये मला जो संताप आला तो यून साहेबांवर नव्हता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला पत्राचा पत्ता सापडत नव्हता.

रविवारी मी रियाधला फोन केला. महाव्यवस्थापक अबू रामी, जॉर्डनचे गृहस्थ, म्हणाले की माझे पत्र त्यांनी कंत्राटदाराच्या मुख्यालयाला आधीच पाठवले आहे. काही म्हणायचे असेल तर लेखी घेऊन या. सोमवार एकवीस तारीख. विमान संध्याकाळी पावणेसहाला, रियाधहून. ते पकडले तर यून साहेब सप्तमीच्या संध्याकाळपर्यंत घरी पोचत होते. पुढचे पकडले तर सप्तमी संपलेली असणार होती.

सकाळी सातला माझ्या गाडीने निघालो. त्या दिवशी नागपंचमी. घरात चिरणे, कापणे, तळणे बंद, म्हणून शैलाने पुरणाची उकडलेली दिंडे डब्यात दिली होती. "त्यांना सांगा," ती म्हणाली, "आजच्या दिवशी आम्ही सुरी हातात धरत नाही. तिचं ऑपरेशन परवा आहे ते बरं आहे."

मी ते सांगितले. यून साहेबांनी दिंड दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ खाल्ले नाही. "तुमच्या पत्नींनी कंत्राट विभाग चालवावा," ते म्हणाले. साडेपाच तासांत ते एवढेच बोलले. बाकी वेळ त्यांचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर होते आणि डोळे गाडीच्या घड्याळावर.

रियाधच्या ओलाया भागातल्या कचेरीत आम्ही साडेबाराला पोचलो. अबू रामी बैठकीत होते. एक वाजला, दोन वाजले. यून साहेब खाली स्वागतकक्षात बसून होते. त्यांना वर यायला परवानगी नव्हती. दोन चाळीसला मला आत बोलावले.

अबू रामींनी दोन कागद शेजारी ठेवले. "हे पत्र तुमचे?"

"माझे."

"आणि हेही?"

"तेही."

"एकात तो लबाड आहे, दुसऱ्यात संत. मी कोणत्या पाटणकरवर विश्वास ठेवू?"

"दुसऱ्या. पहिल्याने पंचांग पाहिले नव्हते."

"हबीबी, चाचणी आठ दिवसांवर आहे. तो परतला नाही तर?"

"तो परतो न परतो, त्याच्या गैरहजेरीने चाचणीला उशीर झाला तर जबाबदारी माझी. लिहून देतो."

"तुमचा स्वतःचा करार पुढच्या महिन्यात संपतो," त्यांनी सहज आठवण करून दिली.

"मला तारीख माहीत आहे."

मी हाताने लिहिले: पत्र क्रमांक एकशे एकतीस वस्तुस्थितीच्या आणि न्यायाच्या दृष्टीने चुकीचे असून मी ते बिनशर्त मागे घेत आहे. मुलीविषयीच्या वाक्याबद्दल वेगळी ओळ लिहिली.  अबू रामींनी वाचले, संमतीवर सही केली आणि कंत्राटदाराच्या रियाधमधल्या कचेरीला स्वतः फोन लावला. "त्याच्या इकाम्याचा, निवासपरवान्याचा नंबर देतो, व्हिसा काढा. आत्ता. यल्ला."

संगणक दोनदा बंद पडला. व्हिसा आला तेव्हा तीन बावन्न झाले होते.

आता निकाल आधीच सांगून टाकतो, कारण वाचकाला ताटकळत ठेवणे ही मला वकिली लबाडी वाटते. यून साहेब सप्तमीच्या संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी स्वतः चालत शस्त्रक्रियेला गेल्या आणि वाचल्या. चाचणीला उशीर झाला नाही, कारण यून साहेबांनी जाण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची नोंद पुरी करून ठेवली होती. ते परत आले नाहीत. त्यांचा राजीनामा आला, कलमाचा हवाला देऊन, पहिल्या परिच्छेदात सोलच्या पावसाचे वर्णन करून. माझ्या हमीपत्राचे माझ्या बाबतीत जे व्हायचे ते झाले, करार पुढे वाढला नाही. शैला आणि मी आता पुण्यात असतो.

विमानतळावर पोचलो तेव्हा चार अडतीस झाले होते. काउंटरवरच्या तरुणाने मान हलवली. "खलास. यादी बंद केली." विमान सुटण्याच्या एक तास आधीपर्यंत प्रवासी स्वीकारणे त्यांच्याच नियमांत होते. मी आवाज चढवला, नियम सांगितला, वरिष्ठाचे नाव मागितले. यून साहेबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा स्पर्श केला होता. ते त्या तरुणाला म्हणाले, "माझी पत्नी वाट पाहते आहे. सामान नाही. फक्त मी आहे."

तरुणाने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुन्हा त्यांच्याकडे. त्याने यादी उघडली.

पासपोर्ट तपासणीच्या दोरीपाशी आम्ही थांबलो. मला काही बोलायचे होते आणि त्याचा मसुदा तयार नव्हता. त्यांनी टोपी काढली, कमरेतून पूर्ण वाकले, आणि मी वाकण्याआधीच वळले. शिक्का बसला. पलीकडे तपासणीच्या पट्ट्यावर बूट काढायला लावले. पट्ट्यातून बूट बाहेर आले तेव्हा ते घालायला ते थांबले नाहीत. एका हातात दोन्ही बूट, दुसऱ्या हातात पासपोर्ट, आणि पांढऱ्या मोज्यांनी त्या गुळगुळीत फरशीवरून बासष्ट वर्षांचे ते गृहस्थ धावत सुटले. एकदा घसरले. भिंतीचा आधार घेतला. आणि पुन्हा धावले.